हलत्या खाटेस विरोध करण्याबाबत

अमरावती, ता. १८ नोव्हेंबर १९६१

अकोला कोर्टाचे भूषण आणि माझ्या प्रत्येक मताचे आजन्म विरोधक श्रीमान खुशालराव वकील यांस चिंतामणचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा नुसता शब्द समजावा, आठांपैकी किती अंगे माझे ऐकतात हे सध्या रोज मोजावे लागते.) तुझा मधुमेह, तुझी सून आणि तुझी अशिले, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. पत्र माझे असले तरी अक्षर आमच्या सिंधूचे आहे, त्यामुळे या वेळी ते बापाच्या मित्रांनाही वाचता येईल.

प्रकृतीबद्दल तू विचारलेस. मुंबईच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले, की मेंदूचे हुकूम स्नायूंपर्यंत पोचवणारे तंतू एकेक करून वाळत चालले आहेत. म्हणजे एखाद्या नगरपालिकेसारखेच झाले : अध्यक्ष शाबूत, ठराव मंजूर, पण निरोप नेणारे शिपाईच नोकरी सोडून गेलेले. हातांकडच्या शिपायांनी गुढीपाडव्याच्या सुमारास राजीनामे दिले, आणि आता छातीखालचा जो पडदा श्वास ओढतो तिथलेही कुरकुरू लागले आहेत. बसलो तर निभते. आडवा झालो, की छातीवर कोणी सरकीचे पोते ठेवल्यासारखे होते. तीन महिने खुर्चीत झोपतो आहे, आणि झोप म्हणजे काय, तर मान पडते ती. असे फार दिवस चालणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्टच सांगितले. त्यांच्याकडे पोलिओच्या रोग्यांसाठी एक हलती खाट आहे, तशी घरी करून घ्या म्हणाले. गळ्याला भोक नको, नळी नको. खाट मधल्या दांड्यावर वरखाली होते. पाय खाली गेले की पोट खाली सरकते आणि हवा आत येते, डोके खाली गेले की पोट वर ढकलते आणि हवा बाहेर जाते. मिनिटाला चौदा वेळा. शास्त्र मला ताबडतोब पटले. (शास्त्र मला नेहमीच ताबडतोब पटते. अडचण येते ती घरी आल्यावर.)

काम नत्थुजी मिस्त्रीला दिले. जिनिंगमधली यंत्रे ज्याचे ऐकतात असा हा माणूस. त्याला चित्र दाखवले आणि वर पाऊण तास व्याख्यानही दिले. त्याने हात जोडून ऐकले, आणि आठ दिवसांनी डावीउजवीकडे झुलणारा सहा फुटी पाळणा करून आणला. चारी खांबांवर लाकडी पोपट. "हालाचंच होतं ना गुर्जी," असे त्याचे म्हणणे. दुसऱ्या खेपेला मात्र खाट बरोबर झाली, मोटार बसली, पट्टा चढला, आणि चालवून पाहायच्या वेळी नत्थुजीने हात मागे घेतला. "रिकामा पायना हालवत नसतेत गुर्जी. मी काई बटन दाबत नाई." हा पाळणा नसून खाट आहे, असे मी त्याला तीन तऱ्हांनी सिद्ध करून दाखवले. तोवर आमची ताराअक्का (माझी थोरली बहीण, जिने अंधश्रद्धेवरचे माझे एकही व्याख्यान ऐकले नाही, पण प्रत्येकाच्या श्रोत्यांना चहा दिला) स्वयंपाकघरातून वरवंटा घेऊन आली. बारशाला मुलाच्या आधी पाळण्यात घालतात तसा तिने तो धुऊन, कुंची घालून, काजळाचे बोट लावून माझ्या खाटेवर निजवला. नत्थुजीने लगेच बटण दाबले. वरवंटा मिनिटाला चौदा वेळा श्वास घेऊ लागला. शेजारच्या माणिकबाईंनी पाळणा म्हटला आणि दुपारी सगळ्या आळीत घुगऱ्या वाटल्या.

मी म्हटले, आता तो दगड उचला. अक्का म्हणाली, "तू उतरलास की खाट रिकामी. तेव्हा तो राहील तुझ्या पायाशी. तीस वर्षं लोकांना शहाणं केलंस, आता जरा श्वास घे." पाव तास पडून पाहिले. तेव्हा आणखी एक शोध लागला. शब्द बाहेर जाणाऱ्या हवेवर निघतात, म्हणजे या खाटेवर बोलता येते ते फक्त डोके खाली जाताना. गोऱ्या कलेक्टरापुढे ज्याने मान लववली नाही, त्याने दर वाक्याला डोके खाली घालायचे, तेही कुंची घातलेल्या दगडासमोर. मी उतरलो आणि अंगणात जमलेल्या पंचवीस माणसांपुढे जाहीर केले, की वरवंटा आहे तोवर या खाटेला मी पाठ टेकणार नाही. टाळ्या पडल्या. टाळ्या पडलेले वाक्य मी मागे घेत नाही हे तू जाणतोस, आणि अक्का तर टाळ्या न पडताही घेत नाही. सध्या वरवंट्याची प्रकृती उत्तम आहे.

वहिनींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद.

तुझा,
चिंतामण

ता. क. – पुढच्या रविवारी ये. आपण दोघे एका बाजूला कधी उभे राहिलो नाही. तू वेगळा विदर्भ म्हणालास म्हणून मी संयुक्त महाराष्ट्र म्हणालो (पटले ते नंतर). तेव्हा इथे येऊन चारचौघांत या खाटेला आणि वरवंट्याला कडाडून विरोध कर. मग मला नाइलाजाने दोघांची बाजू घ्यावी लागेल, आणि तत्त्वासाठी आडवे व्हावे लागेल. यात माघार कोणाला दिसणार नाही.

ता. क. दुसरा – मुद्दे सुचले नाहीत तर कळव. पाठवतो.

खुशालकाका, सा. न. हे मी माझ्या मनाने लिहिते आहे. बाबा आता झोपले आहेत, खाटेवरच. सोमवारपासून मला दार लावायला सांगतात आणि तिथेच झोपतात. सगळे पत्र तिथूनच सांगितले, डोके खाली जाईल तेव्हा चार-चार शब्द, म्हणून दोन दिवस लागले. काल आत्याने वाटणासाठी वरवंटा नेला, तर बाबांनीच परत मागवला. तुमचा टांगा दारात वाजला की ते उठून खुर्चीत बसणार, असे ठरले आहे. पण खुर्चीत आता त्यांना अर्धा तासही दम निघत नाही. म्हणून काका, चहासाठी थांबू नका. टांग्यातून उतरता उतरताच विरोध सुरू करा, आणि लवकर हरा.

सिंधू