तुमच्या जावयांचं पांढरं छत

ती. मामांना,

भाचीचा नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? मामींचा खोकला थांबला असेल अशी आशा आहे. नसेल तर त्यांना औषध द्या, सल्ला देऊ नका. इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत, आणि हे वाक्य लिहिता येतंय हेच नवल आहे. पत्रास कारण, तुमचे जावई.

तुम्ही बत्तीस वर्षं बॉयलरवर काढलीत, म्हणून तुम्हालाच लिहिते. घरात बाकी कुणाला यातलं काही कळत नाही. तुमची वाफ निदान प्रामाणिक होती. फुसफुसायची, दिसायची. आमच्या कारखान्यात पाण्यात वीज सोडून हायड्रोजन वेगळा काढतात आणि दाबून टाक्यांत भरतात. त्यावर शहराच्या बसगाड्या चालणार आहेत. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि पेटला तरी दिवसाउजेडी ज्योत दिसत नाही. म्हणून मी पाहणीला निघते तेव्हा लांब दांड्याचा झाडू पुढे धरून चालते. वाटेत ज्योत असली तर आधी झाडू पेटेल, मी नाही. (ही युक्ती माझी नव्हे, या धंद्यात जुनी आहे. पण त्यापायी सगळे मला ‘झाडूवाल्या बाई’ म्हणतात. तुमचे जावई, म्हणजे आपल्या ताईचे यजमान, घरी माझे भाऊजी आणि कारखान्यात माझे साहेब. त्यांनी हे ऐकून एकदाही कुणाला दटावलेलं नाही.)

आता हा वायू हवेहून खूप हलका. सुटला की थेट वर जातो. म्हणून कॉम्प्रेसरच्या खोलीला अगदी माथ्यावर झरोके ठेवलेले आहेत. पण गळती ओळखणारी यंत्रं बसवायला जो ठेकेदार आला, त्यानं आयुष्यभर स्वयंपाकाच्या गॅसचं काम केलेलं. तो गॅस जड, जमिनीलगत साचणारा. त्यानं आमचीही चारही यंत्रं माझ्या गुडघ्याएवढ्या उंचीवर ठोकली. मी चार पत्रं लिहिली. उत्तर आलं की यंत्रं भक्कम बसवली आहेत, हलत नाहीत. मी कधी म्हटलं होतं हलतात म्हणून?

मग उद्घाटन ठरलं. मी आठ दिवस दुसऱ्या कारखान्याच्या तपासणीला गेले होते, ती नेमकी उद्घाटनाच्या सकाळी परतले. कॉम्प्रेसरच्या खोलीचं दार उघडलं आणि क्षणभर वाटलं, चुकून दागिन्यांच्या दुकानात शिरले. डोक्यावर पांढरंशुभ्र फॉल्स सीलिंग, त्यात चाळीस बारके दिवे. वरचे पाइप पाहुण्यांना आतड्यांसारखे दिसतील, म्हणून भाऊजींनी ते झाकून टाकले होते. मला कुणी विचारलं नाही, मामा. मी सुरक्षेची अधिकारी. घरात पडद्यांचा रंग ठरवतानासुद्धा माणूस दोघांना विचारतो.

भाऊजी नव्या कोटात दारात उभे होते. मी विचारलं, “भाऊजी, वर काय आहे?”

“ऑफिसात भाऊजी म्हणू नका. छत आहे.”

“छताच्या वर?”

“तिथं कोण बघतंय?”

“झरोके उघडे आहेत ना?”

“बंद केलेत. कबुतरं येऊन छत घाण करतील.”

हे त्यांनी मोठ्या समाधानानं सांगितलं. मी मनात हिशेब मांडला. म्हणजे वायू सुटलाच तर तो वर जाणार, छताच्या फटींतून पलीकडे शिरणार आणि बाहेर पडायला वाट नाही म्हणून तिथंच साचणार. खाली आमची चार यंत्रं गुडघ्याशी हवा हुंगत शांत बसणार. आणि दिवे साधे, घरगुती. आमच्याकडे ठिणगी बाहेर पडू न देणारे बंद दिवे लागतात, ते दिसायला बोजड म्हणून नाकारले होते. मी म्हटलं, कार्यक्रम पुढे ढकला. भाऊजी म्हणाले, पाहुणे फाटकातून आत आलेत, यंत्रं काही बोलत नाहीत, आणि तुम्ही प्रवासानं थकलाय.

थकलेली होतेच, पण त्याहून जास्त भडकलेली होते. माझ्याकडे हातात धरायचं वायू मोजायचं यंत्र असतं. ते झाडूच्या दांड्याला दोरीनं घट्ट बांधलं, छताची एक फळी दांड्यानं ढकलली आणि यंत्र वर खुपसलं. ते जे किंचाळायला लागलं ते थांबेचना. मी आकडा बघितला. पेट घेण्याच्या पातळीपर्यंतचं निम्म्याहून जास्त अंतर वायूनं कापलं होतं. (नंतर कळलं, छत टांगणारे कारागीर पाइपावर पाय देऊन उभे राहिले होते, त्यात एक जोड सैल झाला.)

मी वळले तर दारापाशी फीत कापून झालेली, टाळ्या चाललेल्या, आणि प्रमुख पाहुणे, म्हणजे शहराच्या बससेवेचे वयस्कर प्रमुख, दिव्यांच्या बटणाकडे बोट नेत होते. चाळीस दिवे एकदम लागणार, असा बेत. मी धावत जाऊन त्यांचं मनगट धरलं. दुसऱ्या हातात झाडू, त्यावर यंत्र कोकलतंय. फोटोग्राफरनं नेमका तोच फोटो काढला.

मी म्हटलं, “बटण दाबू नका. वर वायू साचलाय.”

त्या माणसानं माझ्याकडे पाहिलं, छताकडे पाहिलं आणि अगदी हळू विचारलं, “बाई, बाहेर कुठून जायचं?”

त्या गर्दीत एवढाच एक शहाणा. बाकीचे पुढच्या फोटोसाठी उभे होते. त्यांना अक्षरशः झाडूनं हाकललं, बाहेरचं आणीबाणीचं बटण दाबून कॉम्प्रेसर बंद केले, आणि दोनशे माणसं फाटकाबाहेर उन्हात नेऊन उभी केली.

याबद्दल मला काय मिळालं असेल? कारणे दाखवा नोटीस. आरोप तीन: पाहुण्यांच्या अंगाला हात लावणे, समारंभात झाडू आणणे, नव्या छताची फळी सरकवणे. स्फोट टाळणे हा आरोप बहुधा जागेअभावी राहिला. ताई तीन दिवस माझ्याशी बोलली नाही, कारण पेपरात छापून आलेल्या फोटोत भाऊजींचे डोळे मिटलेले आहेत.

मुख्य कार्यालयातून दोघे चौकशीला आले. त्यांनी छत उतरवायला लावलं, यंत्रं वर बसवायला लावली आणि नोटीस ‘विचाराधीन’ ठेवली. एक मात्र सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी फक्त चहाड्या करते. छत उतरलं त्या दिवशी भाऊजी स्वतः शिडीवर चढले. झरोक्यांत कोंबलेली फडकी त्यांनी एकेक करून ओढून काढली. खाली उतरले तेव्हा ती फडकी हातातच होती. माझ्याकडे न बघता म्हणाले, “दोनशे माणसं होती.” मी शिडी उचलून भिंतीला लावली. घरी गेल्यावर मात्र फार राग आला, कारण अशा माणसावर धड रागावताही येत नाही.

मामींना नमस्कार.

तुमची भाची

ता. क. मला कुणी विचारलं नाही असं वर लिहिलंय, ते तितकंसं खरं नाही. चौकशीसाठी कागद चाळताना मला छताचा फॉर्म सापडला. मथळा ‘किरकोळ सजावटीचा बदल’, आणि खाली माझी सही. दौऱ्यावर निघायच्या आदल्या दिवशी अकरा कागदांवर उभ्याउभ्या सह्या केल्या होत्या, त्यातला हा सातवा. भाऊजींना ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ते कुणाजवळ बोलले नाहीत. काल चौकशीवाल्यांना मीच जाऊन सांगितलं.

ता. क. दुसरा. आता खरं काम. पुढच्या महिन्यात मला सगळ्या कामगारांचा वर्ग घ्यायचाय, त्याला तुम्ही यायचंय. तुमच्या डाव्या हातावर भाजल्याची खूण आहे, तिची गोष्ट सांगायला. आम्हा मुलांना तुम्ही नेहमी सांगितलंत की बॉयलरची झडप नादुरुस्त होती. मामींनी मला एकदा सांगितलंय की झडप चांगली होती; जास्तीची वाफ सोडायला ती सारखी उडायची म्हणून तुम्हीच तारेनं बांधून ठेवली होती. मला ही गोष्ट हवी आहे. जावई पहिल्या रांगेत बसणार आहेत, तेव्हा अवघड वाटेल हे मला कळतं. म्हणून आधी मी तो फॉर्म हातात घेऊन उभी राहीन. माझं सांगून झालं की तुम्ही.