खांदा बदलला

३ नोव्हेंबर
आज दवाखान्यातून लेकीच्या, चिमीच्या घरी राहायला आले. गाडीतून उतरताना जावयांनी मला असं धरलं, जणू लोणच्याची काचेची बरणीच. मी म्हटलं, बापू, खांदा तेवढा नवा आहे, बाकी सगळा जुना माल, बिनधास्त धरा. खोली छान आहे, सकाळचं ऊन येतं. खिडकीशी खुर्ची आणि शेजारी चिमीनं माझी पुस्तकं रचून ठेवली आहेत. सगळी रद्दीतली. आमच्या ह्यांचं रद्दीचं दुकान होतं. शाळा चौथीत सुटली, पुढचं सगळं वाचन तराजूतून उतरलेलं. डावा हात झोळीत आहे, म्हणून मांडीवर उशी घेऊन वाचते. पानं उलटायला उजवा पुरतो.
शेजारीण भेटायला आली. काय झालं विचारलं, तर मी ऐटीत सांगितलं, खांदा बदलला. ती दचकली. असं बोलू नका हो, म्हणाली, खांदा माणसाला शेवटचं नेताना बदलतात. मी म्हटलं, मग मी अजून वाटेत आहे असं समजा. चिमीला हसू आवरेना.

९ नोव्हेंबर
व्यायाम घ्यायला एक मुलगी येते. टेबल धरून वाकायचं आणि डावा हात नुसता लोंबू द्यायचा, विहिरीत सोडलेल्या दोरासारखा. ती मला आजी म्हणाली. तिला सांगितलं, मावशी म्हण, आजी व्हायला चिमीनं अजून परवानगी दिलेली नाही. आज हात कपाळाला लागला. आपली वेणी आपण घालायची, एवढंच माझं मागणं आहे.

१७ नोव्हेंबर
दुपारी वाचत बसले होते. चिमी आणि जावई कामावर. एकदम डाव्या खांद्यावर वजन आलं. दुखलं नाही. कुणी मागून येऊन काहीतरी ठेवावं आणि आपले हात काढून घ्यावेत, तसं. मागे पाहिलं तर भिंत. स्नायू ताणला असेल म्हणून सोडून दिलं. पण संध्याकाळी चिमीनं विचारलं, आई, तू तिरकी का चालतेस, एका पारड्यात माल असल्यासारखी.

२४ नोव्हेंबर
एक्सरेत भेग दिसली. खांद्याच्या अगदी वरच्या टोकाला, शिंपी जिथून बाहीचं माप घेतो तिथे. डॉक्टरांनी विचारलं, पडलात का, काही उचललंत का. दोन्हीला नाही म्हटलं. ते म्हणाले, या शस्त्रक्रियेनंतर काहींना होतं असं, हाड ठिसूळ असलं की नव्या सांध्याचा ताण झेपत नाही. मग फिल्म पुन्हा उजेडाकडे धरून म्हणाले, तरी ही भेग ओझं वाहणाऱ्याची वाटते. व्यायाम बंद. नव्या सांध्याची सळई दंडाच्या हाडात आत गेलेली आहे. तिच्या भोवतालचं हाड मोडलं तर पुन्हा सगळं उघडावं लागेल, आणि हाताचा भरवसा नाही.
गाडीत चिमी चिडली. खरं सांग, बादली उचललीस ना.

१ डिसेंबर
वजन रोज येतं. आज ते मी ओळखलं.
गठ्ठा हातात घेतला की काटा कुठे थांबेल ते मी आधीच सांगायची. हे म्हणायचे, तुझ्यापुढे तराजूला लाज वाटते. हे वजन मी आयुष्यात एकदाच पेललं आहे. ह्यांना नेलं त्या दिवशी जिन्यात एकाचा पाय मुरगळला आणि एक खांदा कमी पडला. मी कुणाला विचारलं नाही. माझा डावा लावला. वाटेत मागून सगळे म्हणत होते, वहिनी, खांदा बदला. मी शेवटपर्यंत बदलला नाही. त्यांच्यासाठी करण्यासारखं दुसरं काही उरलंच नव्हतं.
आणि आता आल्यागेल्याला सांगत सुटले, बदलला, बदलला. त्यांनी ऐकलं असणार. नवा खांदा आला म्हटल्यावर माणूस त्यावरच येणार. आपल्याला कधीच खाली ठेवलं, हे त्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही.

४ डिसेंबर
भीती वाटते. पण जुन्या कागदाचा आणि सुतळीचा वास येतो, आणि मग भीती धड वाटतही नाही. आज मी म्हटलं, टेका. दोन वर्षं कुणी माझ्यावर भार टाकला नव्हता. बसून रडले. नका जाऊ म्हटलं.
मग आत आवाज झाला. उसाचं कांडं मोडावं तसा.

५ डिसेंबर
दंडाचं हाड. सळईच्या टोकापाशी. सोमवारी पुन्हा शस्त्रक्रिया, आधीपेक्षा लांब सळई घालणार. हात बोटांपर्यंत काळानिळा. डॉक्टर आता काही विचारत नाहीत.

६ डिसेंबर
आज ते उतरलेच नाहीत. मी सांगितलं, अहो, माझ्यात राहिलं नाही आता, उतरा. त्यांना बोलणं कळत नाही. खांदा बदलणं तेवढं कळतं.
चिमीनं मला एकटीच बोलताना पाहिलं. म्हणाली, आई, सगळं एकटीनं ओढत आलीस, आता थोडं मला— मी तिच्या तोंडावर हात दाबला. रागावून गेली. रागावू दे. हात गेला तर जाऊ दे माझा. तिच्यावर नको. तिचे खांदे अजून कोवळे—

७ डिसेंबर
डॉक्टरांना कळवा म्हटलं, शस्त्रक्रिया नको. नवं काही घालू नका. हा मोडकाच शेवटचा असू दे, ते इथेच थांबतील. चिमी म्हणते, तापात बरळतेस. ताप नाही मला.

८ डिसेंबर
गाडी दारात आहे. मला उठवेना. चिमीनं माझा उजवा हात आपल्या गळ्यात घेतला. मला हसवायला म्हणाली, चल गं आई, खांदा बदल, आता माझा—
तोंड दाबायला हात मोकळा नव्हता.
हलकं झालं. इतकं हलकं की तोल गेला. मला पलंगावर बसवून ती पिशवी ठेवायला खाली गेली.
खिडकीतून दिसते आहे. गाडीला टेकली आहे. हात रिकामे, तरी वाकलेली. जावई काहीतरी विचारतायत. ती मान हलवते— काही नाही, काही नाही—
हाक मारते तर आवाज फुटत नाही—
अहो. तिला नाही. आपली चिमी आहे ती. वर या. माझा उजवा आहे अजून, धडधाकट आहे, कधी कुणाला लावलेला नाही— हे बघा, मी लिहून देते— मी बदलते— मी खां