रामनवमीचे पानक

तिरुवल्लिकेणी, चेन्नई
२७ मार्च २००६

प्रिय जयवंती वहिनी,

अंबुजाचा नमस्कार. दहा महिन्यांनी लिहिते आहे. तू तंजावरला माहेरी गेल्यापासून तुझी दोन पत्रे आली. दोन्ही अम्मांच्या नावाने, आणि दोन्ही त्यांनी माझ्याकडून वाचून घेतली. उत्तर काय लिहायचे ते मात्र सांगितले नाही. मी आपणहून लिहायला हवे होते. कामे होती असे म्हणते. तू विश्वास ठेवू नकोस.

इकडची खुशाली अशी. अम्मांचे गुडघे तसेच आणि जीभही तशीच. सून घरात नाही म्हटल्यावर सगळा मारा माझ्यावर असतो, आणि चाळिशी उलटलेल्या बिनलग्नाच्या मुलीला बोलायला त्यांना विषय कमी पडत नाहीत. तुझ्या रंजनीची कॉलेजच्या पहिल्या वर्षाची परीक्षा एप्रिलअखेर आहे. गणित तिला बापासारखेच, अण्णासारखेच सोपे जाते, आणि त्याच्यासारखेच ताटातले पडवळ ती कडेला सारते. तुझा फोन आला की ती गच्चीवर निघून जाते. ते तुला ठाऊक आहे, मी काय नवे सांगणार.

ऑगस्टमध्ये माझे पित्ताशय काढले. खडे झाले होते. आता बरी आहे.

देवनागरीत लिहिते याचे तुला नवल वाटेल. आपण बोलतो मराठी आणि लिहितो तमिळ. तुला तुझ्या अप्पांनी शिकवले, आम्हाला नानांनी, रंजनीला कुणीच नाही. हे पत्र टेबलावर उघडे राहिले तरी तिला वाचता येणार नाही, म्हणून.

नमनाला घडाभर तेल झाले. लिहायचे कारण वेगळेच आहे. सहा तारखेला रामनवमी. भजनमठाचे शेषगिरी मामा काल येऊन गेले. यंदाही प्रसादाचे पानक तुमच्याच घरचे, असे म्हणाले. गेल्या वर्षी जे झाले ते झाले, लोक विसरले. जाताना दारात थांबून हसले, "बर्फ मात्र वेंडाम्, नको हां." अम्मा म्हणाल्या, "अंबुजा करेल. तिचं सोवळं कडक."

मी आत गेले.

इथवर लिहिले. पुढचे उद्या लिहीन.

२ एप्रिल, रविवार

उद्या म्हणता म्हणता सहा दिवस गेले. आता क्रमाने लिहिते. मला क्रमानेच लिहिता येते, प्रयोगशाळेची खोड.

गेल्या वर्षी पानक मी केले. आपल्या घरची रीत, लेकीने सोवळ्यात पाणी शेंदायचे आणि गूळ हातानेच कालवायचा, पळी लावायची नाही. तू त्या दिवशी म्हणालीस, पाणी उकळून गार करू या का? अम्मा म्हणाल्या, उकळले म्हणजे शिजले, ते नैवेद्याला कसे चालेल. आणि मी, दिवसभर जंतू वाढवण्याचा पगार घेणारी, हसून म्हणाले की विहिरीचे पाणी मी स्वतः तपासले आहे. ते खरेच स्वच्छ होते. मग ऊन फार म्हणून तू कोपऱ्यावरच्या दुकानातून बर्फ आणून त्यात घातलास.

पंधरा दिवसांनी ताप सुरू झाले. एकतीस माणसे आजारी पडली. तीस उठली. आपला अण्णा उठला नाही, आतडे फुटून गेला.

गल्ली आपली, म्हणून नमुने गोळा करायचे काम मी मागून घेतले होते. पानक ज्यांनी केले, वाहिले, वाढले त्या सगळ्यांच्या शौचाची तपासणी करायची होती. तुझ्या हातात डबी ठेवली तेव्हा तू लाजून अर्धी झालीस. तुझी भीड मोडावी म्हणून मी म्हणाले, यात काय एवढे, मीसुद्धा देते. तुझी डबी सव्वीस नंबरची, माझी सत्तावीस.

बर्फाचा अहवाल आधी आला. बर्फ घाण होता. तेवढ्या भांडवलावर अण्णाच्या तेराव्याला, मामा, अम्मा, रंजनी, सगळे बसलेले असताना मी निकाल देऊन टाकला. "वहिनीच्या बर्फानं झालं." त्यावर कोण बोलणार, जंतूंची जाणकार घरचीच. तू मान वर केली नाहीस. रंजनीने मात्र तुझ्याकडे पाहिले, ते मी पाहिले होते. आठ दिवसांनी तू तंजावरला गेलीस. रंजनी तुझ्याबरोबर येईना, कॉलेजचे निमित्त सांगून आमच्याकडे राहिली.

घाण आणि विषमज्वर यांत फरक आहे, वहिनी. तो मला कळायला हवा होता, तेच माझे शिक्षण. त्या बर्फात विषमज्वराचा एकही जंतू नव्हता.

विषमज्वराचे जंतू सूक्ष्मदर्शकाखाली सगळे सारखेच दिसतात. कुठला कुठून आला हे काढायचे तर त्याच्या आतला जनुकांचा धागा ठरलेल्या जागी कापतात. ते तुकडे खरवसासारख्या एका वडीत घालून वीस तास वीज सोडतात. लहान तुकडे पुढे धावतात, मोठे मागे राहतात, आणि पट्ट्यांची शिडी तयार होते. एका कुळातल्या जंतूंची शिडी एकसारखी. त्या उन्हाळ्यात शहरात ताप सगळीकडेच होता, म्हणून आपल्या गल्लीतला जंतू शहरातलाच की निराळा, हे पाहायचे होते. निराळा निघाला. गल्लीतल्या सगळ्यांचा एकच, आणि शहरात दुसऱ्या कुणाचाच तसा नाही.

सव्वीस नंबरच्या डबीत काही वाढले नाही. तू स्वच्छ होतीस. सत्तावीसमध्ये वाढले.

चोवीस जूनला त्या शिड्यांचा फोटो मीच काढला. अण्णाच्या रक्तातला जंतू चौथ्या रांगेत, माझा अकराव्या. पट्टा न् पट्टा जुळत होता. मी फूटपट्टी लावून तीनदा मोजले. मग खुर्ची ओढून बसले आणि चौथ्यांदा मोजले.

मी सोळा वर्षांची असताना तंजावरला मला विषमज्वर झाला होता. तू तेव्हा घरात आली नव्हतीस. अण्णा वीस वर्षांचा. इस्पितळात माझ्या खाटेखाली चटई टाकून एकोणीस दिवस झोपला, चमच्याने कंजी, तांदळाची पेज, भरवली. मी बरी झाले, पण तो जंतू माझ्या पित्ताशयात, खड्यांच्या आडोशाने, इतकी वर्षे राहिला. मला कधी डोकेसुद्धा दुखले नाही. हाताने गूळ कालवला तेव्हा तो पानकात उतरला. ज्याने मला त्या तापातून ओढून काढले त्याला मी तोच ताप दिला. हे वाक्य मी मनात रोज म्हणते, कागदावर आज पहिल्यांदा आले.

आमच्या प्रयोगशाळेचे राघोत्तम सर भले माणूस. कुणाच्या डबीत काय निघाले ते नावानिशी बाहेर सांगायचे नाही, असा आमच्याकडे नियम. त्यांनी मला एकटीला बोलावून सांगितले, उपचार घे आणि तोवर स्वयंपाकघरात पाऊल टाकू नकोस. मी कंबर धरल्याचे सोंग केले. तीन महिने अम्मांनी चौऱ्याहत्तराव्या वर्षी स्वयंपाक केला. पित्ताशय त्यासाठी काढले. पुढच्या तिन्ही तपासण्या स्वच्छ आल्या, मग ओट्याशी उभी राहिले. नियम चांगलाच आहे, मी त्याच्या आडून राहिले.

माझ्या पोटात काय आहे ते मला माहीत नव्हते. त्याबद्दल स्वतःला काय म्हणावे हे मला अजून समजत नाही. पण चोवीस जूननंतर मला सगळे माहीत होते. तू तिकडे एकटी आहेस हे माहीत होते, रंजनी तुझे नाव काढत नाही हे दिसत होते. एका वाक्याचे काम होते आणि मी ते केले नाही. मला भीती वाटली की रंजनी माझ्याकडेही तशीच पाहील. अण्णा गेल्यावर माझ्याजवळ तेवढीच होती, वहिनी. तुझी मुलगी मी खोटे बोलून ठेवून घेतली.

काल सकाळी अम्मांना आणि तिला एकत्र बसवून सांगितले.  अम्मा म्हणाल्या, "सोवळ्यांत होतीस नां गे तू?" तेवढेच तीनदा विचारले. तिन्ही वेळा मी हो म्हटले.

रंजनीने फक्त एवढेच विचारले, हे आईला, म्हणजे तुला, माहीत आहे का. नाही म्हटल्यावर म्हणाली, "तू वाढलेलं मी सहा महिने जेवले, आत्या. आणि आईचा फोन घेतला नाही." मी पुढे बोलू लागले तर हात वर करून "पोदुम्, पुरे" म्हणाली आणि कपाट रिकामे करायला गेली. मी ज्या घड्या घालून ठेवल्या होत्या त्या मोडून तिने कपड्यांच्या घड्या पुन्हा आपल्या हाताने घातल्या.

आज संध्याकाळी मी मठात जाते आहे. बर्फाचे नाव चारचौघांत घेतले होते, माझेही चारचौघांतच घेईन. यंदा पानक कुणी करायचे ते मामा ठरवतील.

मला उत्तर लिहू नकोस. क्षमा मागितली तर ती देण्या-न देण्याचे ओझे पुन्हा तुझ्यावरच येणार, म्हणून मागत नाही.

पत्र पोस्टात टाकत नाही. रंजनी घेऊन येते आहे. तिची रिक्षा खाली उभी आहे, दहाची बस आहे. स्टँडपर्यंत येऊ का विचारले, नको म्हणाली.

मुख्य गोष्ट मी नेहमी शेवटी सांगते. हे खरे पहिल्या ओळीत यायला हवे होते: पत्र बाजूला ठेव. कालपासून तिच्या पोटात अन्नाचा कण नाही. माझ्या हातचे ती घेत नाही. आधी तिला वाढ.

अण्णाची बहीण म्हणून सही करायचा धीर होत नाही, म्हणून नुसतीच,

अंबुजा