शाफ्ट अर्धा मिलिमीटर जाड

मंगळवार, संध्याकाळ

अंगात त्राण नाही. आमच्या कॉलेजच्या इलेक्ट्रिक रेस कारचा शाफ्ट बेअरिंगमध्ये शिरेचना. अर्धा मिलिमीटर जाड. तशीच कागल एमआयडीसीत परत गेले आणि तो बनवून देणाऱ्या लेथवाल्या काकांवर सगळ्यांसमोर ओरडले.

त्यांनी शांतपणे माझंच ड्रॉइंग पुढं धरलं. "पोरी, आकडा तुझाच हाय की."

खरंच माझा. अर्धा मिलिमीटर! कसं दिसलं नाही मला?

"जाड हाय म्हणून वाचलीस, कातून कमी करता येतंय," म्हणत त्यांनी शाफ्ट पुन्हा लेथवर चढवला. माफी मागायला गेले, तर रडूच आलं. त्यांनी चहा मागवला.

टीमच्या ग्रुपवर दुपारीच मी लिहिलं होतं, काकांनी काम बिघडवलं. तो मेसेज नुसता पुसणार होते. पुसला नाही. त्याखाली लिहिलं, चूक माझी होती.