मान हलवलीस म्हणून

३ सप्टेंबर

चि. बडबड्यास ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र बघून कपाळाला आठ्या घालू नकोस. फोनवर तू नुसता हं हं करतोस आणि मागून कसल्यातरी व्हिडिओचा आवाज येत असतो. आईला तर फोन ऐकूच येत नाही. तेव्हा आपल्या घराला कागदच बरा.

कारखान्यात सगळं ठीक. यंत्रमागांचा खडखडाट तोच, मी कानांत कापसाचे बोळे घालते. आईनेही मागावर असताना वेळेवर घातले असते तर तिचे कान शाबूत राहिले असते, हे ती मला रोज ऐकवते.

आता मुद्द्याचं. काल आई दारातल्या बादलीला अडखळून पडली. गुडघ्यावर निभावलं. पण शेजारीण बाजूने हात करत होती, तीही तिला दिसली नाही. मी डॉक्टरकडे चल म्हटलं, तर म्हणाली की तुझ्या विद्यापीठाजवळच्या मोठ्या दवाखान्यात तू तिचा नंबर लावतो आहेस. सुट्टीत आला होतास तेव्हा तिने तुला सांगितलं म्हणे, की बाजूचं दिसेनासं झालंय, तिथे विचारून ठेव, ताईला बोलू नको, उगाच घाबरेल. तू मान हलवलीस. तेव्हापासून ती तुझ्या निरोपाची वाट बघतेय. तुझ्या अभ्यासात व्यत्यय नको म्हणून तिने आठवणही करून दिली नाही.

नंबर कधीचा ते कळव. लोभ निदान उत्तर धाडण्याइतका तरी असू दे.

तुझी ताई

९ सप्टेंबर

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. ताई, नंबर लावलेलाच नाही. आई समोर बसून वाटाणे सोलत होती आणि तिचा आवाज येत होता, एवढंच आठवतं. माझ्या हातात फोन होता. मान बहुतेक गाण्यावर हलवली असेल. जिला ऐकू येत नाही तिच्यापुढे मान हलवणं म्हणजे शब्द देणं, हे मला वेगळं कुणी शिकवायला हवं होतं का?

इथे आम्ही सगळेच असे. खानावळीत चौघे एका टेबलाशी बसतो आणि चौघांच्या माना खाली. फोन खोलीवर राहिला तर वर्गात हात सारखा रिकाम्या खिशाकडे जातो. तुझं पत्र आल्यावर मी तो मित्राकडे ठेवायला दिला आणि तासाभरात जाऊन मागून आणला. सांगायलाही लाज वाटते.

आज रांगेत उभा राहून पुढच्या सोमवारचा नंबर घेतला. आईला घेऊन ये. तिला खरं काय ते सांगायचं की नाही, तू ठरव. हवं तेवढं रागाव, पण माया आटू देऊ नकोस.

तुझा धाकटा

२८ सप्टेंबर

चिरंजीवास आईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

ओळी वाकड्या गेल्या तर हसू नको. ताईने पट्टी धरलीय, तरी पेन घसरतंच.

घरी सुखरूप पोचलो. थेंब वेळेवर घालते. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, आधी आलो असतो तर बरीच वाचली असती, असं डॉक्टरीणबाईंनी मला कागदावर लिहून दाखवलं. तू तेव्हा भिंतीकडे तोंड करून उभा होतास, म्हणून तुझ्याशी बोलता आलं नाही. खोटं कशाला सांगू, घरी येऊन मी खूप रडले.

ताईने सगळं सांगितलं. तिच्यावर चिडू नको. मला डोळ्यांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचं लागलं. माझे कान गेले तेव्हा तू बोबडं बोलायचास. माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवायचास आणि मग दिवसभर टकळी चालू. तुझ्या तोंडाकडे बघूनच मी ओठ वाचायला शिकले. विद्यापीठात गेल्यापासून तू खाली मान घालून बोलतोस, मला तुझे ओठ दिसत नाहीत. वाटायचं, मुलगा शिकला, आता आईशी बोलण्यासारखं काही उरलं नसेल. म्हणून त्या दिवशी मान हलवलीस तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

आता समोर दिसणारं एक वर्तुळ तेवढं उरलंय, तुझ्या त्या फोनएवढं. तेही किती टिकेल कुणी सांगत नाही. पण ताईला समोर बसवून पाहिलं, हातभर अंतरावर बसलं की एक तोंड त्यात पुरतं मावतं. सुट्टी लागली की ये आणि समोर बस. लहानपणचंच सगळं पुन्हा सांगितलंस तरी चालेल. या खेपेला हनुवटी मी धरीन.

आशीर्वाद आहेतच, ते मागावे लागत नाहीत.

तुझी आई