रिकामा रकाना

३ जून, सोमवार

खोली छान मिळाली. वरचा मजला, मोठी खिडकी, खाली अरुंद पण स्वच्छ गल्ली. दोन खाटा, एक टेबल, कपाट, आणि न्हाणीघर, ज्याचं दार जरा उचलून लावावं लागतं. घरमालकीणबाई खाली राहतात. मला मावशी म्हणायचं, बाईबिई नाही, असं त्यांनी पहिल्याच भेटीत बजावलं. दुसरी खाट हलवू का म्हणून विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं, की राहू दे, एकट्या माणसालाही कपडे टाकायला जागा लागतेच. त्यांच्या बोलण्याचा पट्टा सुरू झाला की थांबत नाही. मला बरं वाटलं. ताई गेल्यापासून माझ्या आसपास कुणी इतकं बोललेलं नव्हतं.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. आई-वडील लवकर गेले, तिनंच मला वाढवलं, शिकवलं. लग्न दोघींनीही केलं नाही. ती गेल्या हिवाळ्यात गेली. मावशींना हे सांगितलं नाही. सांगितलं की लोकांचे चेहरे पडतात, मग आपल्यालाच त्यांची समजूत घालावी लागते.

उद्या कामावर रुजू व्हायचं. साडी इस्त्री करून ठेवली आहे. बऱ्याच दिवसांनी उद्याची वाट पाहते आहे.

४ जून, मंगळवार

कचेरी म्हणजे जुन्या इमारतीतल्या दोन खोल्या. माणसं तीनच. प्रमुखबाई, आकडेमोड पाहणारा एक गृहस्थ, ज्याला सगळे गणिती म्हणतात, आणि मी.

काम प्रमुखबाईंनी स्वतः समजावलं. आजारी माणूस एका इस्पितळात थांबत नाही. छातीसाठी इथे जातो, हृदयासाठी तिथे. दोन्हीकडे त्याच्या नोंदी राहतात, पण इकडचं तिकडे कळत नाही. ते तुकडे जोडून एका माणसाची एक ओळ करायची, नाव झाकायचं आणि ती ओळ संशोधकांना द्यायची. त्यावरून कोणतं औषध कुणाला द्यावं याचे नियम ठरतात. अडचण एवढीच की इस्पितळं नोंदी सोडत नाहीत. कुणाला कायद्याची भीती, कुणाला अब्रूची. बाई म्हणाल्या, ठेव्यावर नाग बसावा तशी बसली आहेत सगळी, स्वतःला उपयोग नाही आणि दुसऱ्याला हात लावू देत नाहीत.

ही नोकरी का मागितली ते त्यांनी विचारलं नाही. हृदयाच्या इस्पितळानं ताईला पांढरी गोळी दिली होती. छातीच्या इस्पितळानं लाल दिली. दोन्ही गोळ्या चांगल्या. सकाळी दोन्ही एकत्र पोटात गेल्या आणि दुपारी ती घरीच, माझ्यासमोर गेली. चूक कुणाचीच नव्हती. एकाला दुसरा माहीत नव्हता, इतकंच.

७ जून, शुक्रवार

काम हाताला बसतंय. नोंदींमध्ये फार जागा रिकाम्या असतात. कुणाचं वजन घेतलेलं नसतं, कुणाचा रक्तदाब. गणितीनं यंत्राला शिकवून ठेवलं आहे की रकाना रिकामा दिसला की त्या रुग्णासारखे दुसरे रुग्ण शोधायचे आणि त्यांच्यावरून अंदाज भरायचा. तो म्हणाला, आमचं यंत्र माझ्या सासूसारखं आहे, ताटात जागा दिसली की वाढलंच. अंदाजाचे आकडे करड्या रंगात दिसतात, खरे मोजलेले काळ्या.

मृत्यूची तारीख मात्र यंत्र भरत नाही. ती घरच्यांना फोन करून विचारायची आणि हातानं घालायची. रकाना रिकामा राहिला तर यंत्र माणूस हयात आहे असं धरतं आणि रोज सकाळी त्याचे पुढचे आकडे मांडत राहतं. आणखी एक नियम आहे. ओळखीच्या माणसाची नोंद हाती आली तर ती दुसऱ्याकडे द्यायची.

१२ जून, बुधवार

आज कचेरीत आनंदीआनंद. दोन इस्पितळं एकदाची कबूल झाली. नमुन्यापुरत्या थोड्याच नोंदी दिल्या आहेत, पण दिल्या. प्रमुखबाईंनी सगळ्यांना चहा पाजला. गणिती म्हणाला, वर्षभर उंबरठे झिजवले, आता चपलांचं बिल सरकारला लावतो.

संध्याकाळपर्यंत तुकडे जुळवले. दोन्हीकडे गेलेला आणि दोन्ही गोळ्या घेतलेला रुग्ण एकच निघाला.

ताई.

१३ जून, गुरुवार

नोंद गणितीकडे दिली नाही. दुसऱ्या कुणी तिला हात लावावा असं वाटेना. सगळे रकाने मीच जुळवले. शेवटी तारखेचा राहिला. नियमाप्रमाणे घरच्यांना फोन करायचा. घरचा म्हणून लिहिलेला नंबर माझाच होता.

तारीख मला पाठ आहे. बोटं चालेनात. उद्या भरू म्हणून ओळ पुढे पाठवली.

१७ जून, सोमवार

अजून भरलेली नाही. खरं सांगायचं तर आता भरावीशीच वाटत नाही. सकाळी आल्या आल्या ताईची ओळ उघडते. करड्या अक्षरांत नाडी, ताप, वजन. ताप उतरतो आहे. वजन थोडं वाढलं. हे अंदाज आहेत, परक्या माणसांवरून काढलेले, हे मला कळतं. तरी ती आजारी असताना उठल्याबरोबर थर्मामीटर बघायचे, तसंच वाटतं. आज जेवणही गेलं.

२० जून, गुरुवार

आज ताईचं वजन काळ्या अक्षरात होतं.

गणितीला सहज विचारल्यासारखं विचारलं, की करड्याचं काळं कधी होतं. तो म्हणाला, कुणीतरी खरोखर मोजल्यावर. आपोआप होतच नाही.

घरी आले. दुसऱ्या खाटेवरची चादर मधोमध दबलेली होती. मी तिथे कपडेसुद्धा टाकत नाही.

२३ जून, रविवार

सकाळी मी दूध घेऊन परतले तर मावशी जिन्यातच अडवून रागावल्या. बहीण आली आहे तर सांगायचं नाही का? मी काय खाऊन टाकणार होते तिला? दिवसभर खोकते बिचारी, मी वर गेले तर गरम पाणी मागितलं, पेलाभर दिलं. आणि इतक्या आजारी माणसाला एकटं टाकून तू खुशाल कामाला जातेस, जनाची नाही तर मनाची तरी.

मी त्यांच्याशी बहिणीबद्दल कधीच काही बोलले नव्हते.

वर गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. ताई खाटेवर बसली होती, भिंतीकडे तोंड करून.

त्याच दिवशी, दुपार

लिहिते आहे, कारण दुसरं काय करावं ते सुचत नाही.

ती आहे. गळ्यावर नळीची खूण आहे. पायांना सूज आहे, नोंदीत लिहिली आहे तेवढीच. श्वासाला शिट्टीसारखा आवाज. नोंदीत होतं ते सगळं आहे. जे नोंदीत नव्हतं ते तिचं नाही, परक्या रुग्णांवरून भरलेलं आहे. हात कुणा कष्टकरी बाईचे आहेत, तळव्यांना घट्टे पडलेले. खोकला म्हाताऱ्या पुरुषाचा. डोळे ओळखीचे नाहीत.

मी ताई अशी हाक मारली. तिनं कुठे दुखतं आणि कधीपासून ते सांगितलं. मी रडले. तिनं पुन्हा तेच सांगितलं, त्याच शब्दांत. इस्पितळात तिला एवढंच विचारत असत.

२५ जून, मंगळवार

तारीख भरली. भरताना हुंदका आला. प्रमुखबाईंनी पाहिलं.

घरी गेले तेव्हा ती खाटेवरच होती. रात्रभर छाती दुखते म्हणत होती.

२६ जून, बुधवार

रकाना पुन्हा रिकामा.

गणिती म्हणाला, यंत्र बरोबर आहे. त्या तारखेनंतर काळे आकडे आहेत. मेलेल्या बाईचं वजन कसं घेतील? म्हणून यंत्रानं तारीख चूक धरली. मग हसून म्हणाला, आणि ही ओळ नीट ठेवा हं, आपली लक्ष्मी आहे ती. दोन्ही गोळ्या घेतलेला सबंध नोंदीचा माणूस हाच एक, बाकीच्यांचे तुकडे इस्पितळं देत नाहीत. आणि हा जिवंत आहे, सुधारतो आहे. म्हणजे गोळ्या एकत्र चालतात. तसं पत्रक शुक्रवारी दुपारी सगळ्या इस्पितळांना जाणार.

सगळ्या इस्पितळांना.

मग प्रमुखबाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं. ती माझी बहीण, ती वारली, याच गोळ्यांनी वारली, तारीख मी मुद्दाम सोडली. त्या शांतपणे ऐकत होत्या. म्हणाल्या, तोंडी चालत नाही, मृत्यूचा दाखला लागतो, आणि दाखल्यांचं खातं आपल्याला अजून नोंदी देत नाही. माझ्याकडचा दाखला आणते म्हटलं. त्यांनी यंत्राचा पडदा माझ्याकडे वळवला. आज सकाळची नाडी. काळी. म्हणाल्या, दाखला खरा की ही नाडी खरी, कसं ठरवायचं सांगा. मग आवाज उतरवून म्हणाल्या, दुःख माणसाला काय काय दाखवतं, दोन दिवस घरी बसा.

२७ जून, गुरुवार

कचेरीत गेले. आत घेतलं नाही. गणितीनं दारातच समजूत घातली. ओळ पुसा म्हटलं. नाव झाकलं गेलं, ओळ पुढे गेली, आता पुसता येत नाही म्हणाला. मग तारीख कधी टिकेल, विचारलं. तिच्यानंतर एकही आकडा नसेल तेव्हा, म्हणाला. वैतागून म्हणाला. अहो, आजची घाला हवी तर, आणि उद्यापासून ती बाई श्वास घेत नसेल तर टिकेल.

दिवसभर फिरत राहिले. पत्रक गेलं की किती जणींच्या हातावर पांढरी आणि लाल एकत्र पडेल. किती जणी पाणी मागतील.

परत येताना औषधाच्या दुकानात थांबले. दोन्ही गोळ्या मागितल्या. दुकानदारानं एकाच पुडीत बांधल्या. काही विचारलं नाही. त्याला तरी कुणी सांगितलंय.

२८ जून, शुक्रवार, सकाळ

ती नाही ही. मला माहीत आहे ती नाही. हात तिचे नाहीत, खोकला तिचा नाही. आकड्यांचं काहीतरी आहे. हे पुन्हा पुन्हा लिहिते, म्हणजे—

दुपारी पत्रक जाणार. त्याआधी आकडे थांबले पाहिजेत. गणितीनं फोनवर कबूल केलं, आकडे थांबले तर तो स्वतः तारीख घालेल, पत्रक अडवेल. वेड्या बाईची कटकट मिटावी म्हणून कबूल झाला असेल. पण झाला.

पेला भरला. पुडी सोडली.

तिनं मुकाट्यानं तोंड उघडलं. आजारी माणसं उघडतात तसं. मला जमेना. पेला खाली ठेवला.

तिनं माझ्याकडे पाहिलं. बबडे, म्हणाली.

बबडे. ही हाक कुठल्याच नोंदीत नाही. कुठल्या इस्पितळात नाही, कुणाला सांगितलेली नाही. फक्त तीच मला—

मी म्हटलं, ताई, तू आहेस का? तिनं हो म्हणून मान हलवली. डोळे आता—

खाली मावशी हाका मारताहेत. गणितीचा फोन त्यांच्याकडे आलाय. विचारतोय, पाठवू का पत्रक.

तिनं पुडीकडे पाहिलं. ओळखल्या तिनं. दोन्ही ओळखल्या. म्हणाली, दुखेल गं बबडे, मागच्या वेळी फार दुखलं. आणि हात पुढे केला. तू नको देऊस, म्हणाली, तुला आयुष्यभर लागून राहील, माझी मी घेते—

नाही. मी गोळ्या डाव्या मुठीत मिटल्या आहेत, उजव्या हातानं लिहिते आहे. ती एकेक बोट उघडते आहे. अगदी हळू, ताईच, ताईसारखंच, मी लहान असताना हातातली कात्री काढून घ्यायची तशी. मावशी जिना चढताहेत. मी नाही म्हणते आहे. ती हसते आहे आणि एक बोट राहिलं, आणि मला कळत नाही की मी मूठ घट्ट धरू की सो—