चौथा बाक

शहापूर, मंगळवार, १९४१

हॉटेलावरचा कर यंदा पुन्हा वाढला. जितके बाक तितका कर. म्हणून चारांतला एक बाक सकाळीच गोठ्यात नेऊन गवताखाली लपवला. दुपारी कराचा कारकून मोजायला आला. तिन्ही बाक गिऱ्हाइकांनी भरलेले, तो दारातच उभा राहिला. दारी आलेला माणूस उभा? मला राहवेना. गोठ्यातून बाक आणला, पंच्याने गवत झटकलं आणि म्हणालो, "बसा रावसाहेब."

तो बसला. माझाच फुकटचा चहा पीत त्याने चौथा बाक लिहिला.

बायको म्हणाली, "तुमी सुधरायचे नाय."

त्या मेल्याची शिसारी येतेच, पण माझी जास्त. तो लिहीत होता तेव्हा मी विचारत होतो, चहात साखर पुरे ना?